खंडेनवमीचा कार्बोरेटर

गाडी मी लांबूनच ओळखली.

चिंचवडच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. सून म्हणाली, "आई, चला ना, तुम्हाला बरं वाटेल." मला प्रदर्शनात बरं वाटत नाही. गर्दीत कुणी चप्पल तुडवेल, पर्स मारली जाईल, घरी गॅस चालू राहिला असेल, हे सगळं उंबरठा ओलांडायच्या आधीच माझ्या डोक्यात सुरू होतं. आमचे हे म्हणायचे, हिला स्वर्गात नेलं तरी ही आधी विचारेल, जिना पक्का आहे ना? पण सुनेचं मन मोडवेना, म्हणून गेले.

तिसऱ्या रांगेत ती उभी होती. आता तिला सायीसारखा पांढुरका रंग दिलाय. आमच्या वेळी ती गर्द हिरवी होती. पण तिला ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं. चार दारांची लांबलचक अमेरिकन गाडी, आणि तरी छत मागे दुमडणारं. टप उघडला तरी पुढच्या नि मागच्या दाराच्या मधे काचेची एकेक छोटी चौकट उभीच राहायची, भिंत पडलेल्या घरात खिडकी शिल्लक राहावी तशी. लहानपणी मला वाटायचं, ही काच वाऱ्यानं कधीतरी माझ्या मांडीवर पडणार. ती कधी पडली नाही. शेजारच्या फलकावर लिहिलं होतं की अशा गाड्या अमेरिकेतसुद्धा मोजक्याच तयार झाल्या. ते वाचून मला उगाच अभिमान वाटला आणि लगेच त्याची लाजही वाटली.

मी वाकून वास घेतला. नव्या चामड्याचा वास होता, पॉलिशचा होता. माझ्या गाडीचा वास त्यात नव्हता. तिला रॉकेलचा, जळक्या ऑइलचा, मेण लावलेल्या दोऱ्याचा आणि उस्मानचाचांच्या बिडीचा वास यायचा. त्यात वारा पिंपरीकडून असला की औषधांच्या कारखान्याचा आंबूस वास मिसळायचा. तो सगळा वास मिळून मला शाळेतून सुटल्यासारखं वाटायचं.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, पिंपरीतल्या एका कारखान्यात टर्नर होते. साताऱ्याकडून आलेले, हाताला फार चांगले आणि भोंग्याला भिणारे. खरंच भिणारे. पहाटेचा भोंगा व्हायच्या आधीच ते उठून खाटेच्या कडेला पाय टेकवून बसलेले असायचे, मान खाली घालून, वाट बघत. भोंगा झाला की एक सुस्कारा सोडून उठायचे. माझी ही जन्माची धास्ती कुठून आली, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

उस्मानचाचा नानांचे मित्र. ते पिंपळे गुरवचे, पिढ्यान् पिढ्या तिथलेच. स्टेशनजवळ दुसऱ्याच्या गॅरेजात मेकॅनिक होते. इंजिनाला कान लावून ते दुखणं ओळखायचे. नाना न सापडणारा सुटा भाग लेथवर करून द्यायचे. दोघं मिळून एक अख्खा माणूस होतात, असं आई म्हणायची.

गाडी पुण्याच्या एका शेठची होती. त्यांच्याकडे ती कशी आली, इतकी वर्षं का पडून होती, हे मला कधी नीट कळलं नाही. मला आठवते ती स्टेशनामागची त्यांची पत्र्याची शेड, पूर्वी तिथे वैरण भरत, आणि त्या वैरणीच्या भुशात चारी चाकांवर बसलेली ती. आत मांजरीनं पिल्लं घातली होती. नाना आणि चाचा सुट्टीच्या दिवशी, कामाची पाळी संपल्यावर, सणासुदीला, तिथेच असायचे. टपाच्या सांगाड्याच्या पिना नानांनी एकेक करून कातल्या. टपाचं जाड कापड दोघांनी समोरासमोर बसून दाभणानं शिवलं. एकानं सुई खुपसायची, दुसऱ्यानं ओढायची. बोलणं फारसं नसायचं. मी दप्तर घेऊन मागच्या सीटवर बसायची आणि पाढे म्हणायचे सोडून त्यांच्या दोऱ्याचा सरसर आवाज ऐकायची. अशी चार वर्षं गेली. माझी तिसरी ते सहावी म्हणजे ती गाडी.

शेठनं शब्द दिला होता. दसऱ्याला त्यांच्या आई चाकणच्या पुढे त्यांच्या गावी देवीला जाणार, त्या याच गाडीतून, टप उघडून. गाडी वाटेत न थांबता गेली आणि आली, तर ती शेड या दोघांना गॅरेजसाठी मिळणार. शेठच्या ओळखीतल्या आणखी गाड्याही येणार. म्हणजे नानांचा भोंगा सुटणार. चाचांचं दुसऱ्याच्या हाताखाली राबणं सुटणार. पाटीसुद्धा रंगवून झाली होती, दोघांच्या नावांची. आधी लावली तर नजर लागेल म्हणून ती शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी केली होती. मी कुणी नसताना ती हळूच वळवून वाचायची आणि पुन्हा तशीच ठेवायची.

दसऱ्याच्या आधी आठ दिवस त्यांनी गाडी आकुर्डीपर्यंत नेऊन बघितली. येताना ती दोनदा बंद पडली. नाना घरी आले ते न जेवताच झोपले. आईनं विचारलं तर म्हणाले, "भूक न्हाई." चाचांनी मग कार्बोरेटर उतरवला, पेट्रोलमध्ये धुतला, तासन्‌तास घासला. मला जवळ बोलावून त्यातलं एक बारीक भोक दाखवलं. "ह्यो बघ जेट. सुईच्या नाकाएवढा, पर पेट्रोल ह्याच्यातनंच जातं, सगळी गाडी ह्याच्यावरच चालती. हितं कचरा गेला की शेठबी खाली आन् आमीबी खाली." ते हसले. मी हसले नाही. माझ्या डोक्यात ते भोक जाऊन बसलं. जेवताना, शाळेत, झोपताना मला ते दिसायचं आणि त्यात काहीतरी अडकलेलं दिसायचं.

खंडेनवमीला औजारांची पूजा असते. कारखान्यात नानांच्या लेथला हार घालून पेढे वाटून झाले की ते दुपारी शेडमध्ये यायचे आणि खरी पूजा तिथे व्हायची. पाटावर लाल कापड, त्यावर नट आवळायचे पाने, हातोडी, कानशी, नानांचं मायक्रोमीटर त्याच्या मखमली डबीसकट. चाचाही दर वर्षी आपली औजारांची पेटी आणून त्यात ठेवायचे. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत औजाराला हात लावायचा नाही, हा नियम. नानांपेक्षा चाचाच तो जास्त कडक पाळायचे. एकदा कुणी स्क्रूड्रायव्हर मागायला आलं तर त्याला म्हणाले, "आज न्हाई मिळायचा भाऊ. त्यास्नीबी एक दिस सुट्टी नको व्हय?"

त्या वर्षी कापडाच्या मधोमध कार्बोरेटर मांडला होता. धुऊन लखलखीत, वरचं झाकण उघडं. नानांनी झेंडू वाहिला, आईनं ओवाळलं. मग मोठी माणसं बाहेर पानसुपारीला गेली आणि हळदकुंकू लावायचं राहिलं होतं ते माझ्यावर सोपवलं. मी सगळ्या औजारांना बोट लावत आले. कार्बोरेटरलाही बाहेरून लावलं. पण माझं समाधान होईना. आकुर्डीच्या रस्त्यावर जे बिघडलं ते आत बिघडलं होतं, मग बाहेरून कुंकू लावून काय उपयोग? मी करंगळी ओल्या कुंकवात चांगली बुडवली आणि उघड्या झाकणातून आत घालून त्या बारीक भोकावर टेकवली. चांगली दाबून. डोळे मिटून देवीला सांगितलं, नानांचा भोंगा सोडव. इतकी मनापासून प्रार्थना मी पुन्हा कधी केलेली मला आठवत नाही.

दसऱ्याच्या सकाळी चाचा अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून आले. कार्बोरेटर हातात घेतला. झाकण लावण्यापूर्वी तो तोंडाशी नेऊन जोरात फुंकर मारायची त्यांची रीतच होती. कितीही धुतला तरी शेवटची फुंकर हवी. त्या दिवशीही त्यांनी तो ओठांपर्यंत नेला आणि थांबले.

"न्हाई," ते नानांना म्हणाले. "पूजेतलं हाय. त्याला तोंड कसं लावायचं? उष्टं व्हईल."

"खरंय," नाना म्हणाले.

चाचांनी नव्या धुतलेल्या फडक्यानं तो बाहेरून पुसला, झाकण बसवलं आणि गाडीला जोडला. मी शेजारीच होते. तेव्हा मला पहिल्यांदा धस्स झालं. फुंकर लागते, ती मारली नाही, आणि आत माझं कुंकू आहे. सांगावं तर नाना रागावतील, न सांगावं तर... पण ते देवीचं कुंकू आहे, ते कसं अडेल? असं मी स्वतःला समजावत राहिले. तेवढ्यात शेठ आलेच आणि नाना म्हणाले, "चला, उशीर नको."

शेठच्या आई म्हणाल्या, मुलीलाही घ्या, कुमारिका बरोबर असावी. म्हणून मी पुढच्या अखंड सीटवर, गाडी चालवणारे नाना आणि चाचा यांच्या मधे बसले. टप मागे दुमडलेला. हेडलाइटना झेंडूचे हार. भोसरीत लोक दारात येऊन बघत होते. पोरं मागे धावत होती. बाजरी काढून झालेल्या रानांचा कोरडा, गोडसर वास येत होता, शेठच्या आईंचा पदर फडफडत होता आणि त्या एका हातानं डोक्यावरचा पदर नि दुसऱ्या हातानं ओटीचं ताट सांभाळत हसत होत्या. चाचा पुटपुटत होते, "चालतीया. चालतीया बघा नानाभाऊ." नानांच्या चेहऱ्यावर इतकं निवांतपण मी आधी कधी बघितलं नव्हतं. मला मात्र त्यातलं काहीच धड घेता आलं नाही. मी प्रत्येक आवाज मोजत होते. आयुष्यातला सगळ्यात सुंदर प्रवास मी मुठी आवळून केला.

मोशी मागे पडली. इंद्रायणीचा पूल ओलांडला. पलीकडच्या चढावर गाडीनं एक उचकी दिली. मग दुसरी. मग ती गप्प झाली.

चाचा उतरले, बॉनेट उघडलं. मीही त्यांच्यामागे उतरले. त्यांनी जेट काढला, बॉनेटच्या बाजूला येऊन उन्हाकडे धरला, काडी घालून टोकरला आणि अंगठ्यावर आपटला. अंगठ्यावर लाल चिखलासारखं काहीतरी पडलं. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी अंगठा आपल्या पँटीला पुसला. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"काय झालंय?" शेठनी मागून विचारलं.

"माजीच चूक साहेब," चाचा म्हणाले. "जेट फुंकायचा ऱ्हाऊन गेला."

एवढं बोलून त्यांनी जेटला तोंड लावलं, फुंकर मारली आणि तो परत बसवला. गाडी लगेच सुरू झाली. पण तोवर शेठच्या आई खाली उतरल्या होत्या. दसऱ्याच्या दिवशी, देवीच्या वाटेवर वाहन थांबलं, आता मी यात बसणार नाही, म्हणाल्या. त्यांच्या गावची कुणाची जीप मागून येत होती, तीत त्या बसून गेल्या. शेठही गेले. जाताना वाईट बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "गाडी परवा पुण्याला आणून सोडा."

परत येताना टप उघडाच होता. बंद करायचं कुणाला सुचलं नाही. भोसरीतली पोरं पुन्हा मागे धावली. नाना रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "एवढी एक गोष्ट तुमच्यावर सोडली हुती, उस्मानभाई."

"व्हय," चाचा म्हणाले.

त्या दोघांच्या मधे मी बसले होते. माझ्याकडे सगळं उत्तर होतं आणि मी ओठ घट्ट दाबून धरले होते. खोटं कशाला सांगू, मला दुःखाच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. कुणाला कळलं नाही, असं वाटलं. ते वाटणं मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

पुढे भांडण वगैरे काही झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, मिटवता तरी आलं असतं. चाचा यायचे थांबले. नाना जायचे थांबले. शेड रिकामी झाली, पाटीचं काय झालं मला माहीत नाही. पुढच्या खंडेनवमीला नानांनी आपली औजारं घरातच कोपऱ्यात मांडली आणि आईनं विचारलं, उस्मानभाईंची पेटी? नाना म्हणाले, "त्यांना येळ नसंल." रोज पहाटे ते खाटेच्या कडेला बसून भोंग्याची वाट बघायचे आणि मी पांघरुणातून त्यांची पाठ बघायची. ही पाठ माझ्यामुळे अशी वाकलीय, असं मला वाटायचं. मग माझा अभ्यास व्हायचा नाही, घास उतरायचा नाही. आई म्हणायची, पोरीला कुणाची दृष्ट लागलीय.

अकरा वर्षांनी माझं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या. दुपारी ओसरीवर नाना नावं टाकत होते आणि मी पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावत होते. कुंकवात बुडवलेलं बोट तसंच राहिलं, पुढची पत्रिका उचलवेना. आणि अकरा वर्षं तोंडात धरलेलं मी एका दमात सांगून टाकलं. करंगळी, भोक, देवी, सगळं.

नाना लिहायचे थांबले नाहीत. ओळ पुरी केली, पेनाचं टोपण लावलं.

"मला ठाव हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तवाच. त्यानं अंगठा पँटीला पुसला न्हवं? मी बसल्या जागेवरनं बघितला."

"मग तुम्ही त्यांना तसं का बोललात?"

"शेठ नुकताच गेला हुता. डोकं फिरलं हुतं. पूजा माझ्या घरची, पोर माझी. त्यानं अंगावर घेतलं आन् मी घेऊ दिलं." नानांनी पत्रिकांचा गठ्ठा सरळ केला. "त्यो सांगणार तरी कसा? पूजेच्या कुंकवानं गाडी बंद पडली, हे त्याच्या तोंडून कसं दिसलं असतं? मी सांगायला पायजे हुतं. उद्या जातो, उद्या जातो म्हणत ऱ्हायलो. मग जायला तोंडच उरलं न्हाई."

एवढं बोलून त्यांनी एक कोरी पत्रिका ओढली, तिच्यावर चाचांचं नाव लिहिलं आणि मी कुंकू लावायची वाट न बघता सायकल काढून पिंपळे गुरवला गेले. मी संध्याकाळपर्यंत दारात उभी होते. जास्तीत जास्त वाईट काय काय होईल याची सगळी यादी माझी करून झाली होती.

नाना आले, सायकल लावली आणि पायरीवरच बसले. म्हणाले, "येतो म्हणलाय."

"आणि? तुम्ही सांगितलंत का सगळं?"

"मी तोंड उघडायच्या आधी त्यानंच इचारलं."

"काय?"

"म्हणला, नानाभाऊ, पोरीला कळलं न्हाई न्हवं? तिचंच कुक्कू हुतं ते. तिला कदी सांगू नगा, जन्मभर जिवाला लावून घेईल." नानांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी म्हणलो, न्हाई. तिला काय बी ठाव न्हाई."

प्रदर्शनातला गाडीचा तरुण मालक बराच वेळ माझ्याकडे बघत असावा. जवळ येऊन अदबीनं म्हणाला, "आजी, बसून बघायचंय का आत?" मी नको म्हणाले. सून म्हणाली, "बसा की आई, मी फोटो काढते." मी म्हटलं, "गुडघा दुखतोय." त्यानं विचारलं, या गाडीशी काही जुनी ओळख आहे का? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या मित्रानं ही एकदा दुरुस्त केली होती. त्याला फार आनंद झाला. दोघांची नावं विचारून त्यानं ती लिहून घेतली, फलकावर घालतो म्हणाला. मी उस्मानचाचांचं नाव आधी सांगितलं.

लग्नात चाचा आले होते. केस पार पांढरे झालेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. मांडवात नाना त्यांना हाताला धरून पहिल्या रांगेत घेऊन गेले आणि दोघं शेजारी शेजारी बसले, टप शिवताना बसायचे तसेच न बोलता. नंतर चाचा मला भेटायला पुढे आले. मी वाकले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. पोरीला कळलं नाही ना, एवढंच ते शोधत होते. मला दिसत होतं ते. माझ्याजवळ अकरा वर्षं घोळवलेलं एक वाक्य होतं. ते बोलले असते तर माझं ओझं उतरलं असतं आणि त्यांनी इतकी वर्षं जे राखलं ते एका क्षणात गेलं असतं.

मी हसून विचारलं, "चाचा, जेवलात का?"

"जेवलो बेटा," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.